जुने ऑलिंपस: कोणते हातात घ्यावेत, कोणते सोडावेत

ऑलिंपसचा जुना कॅमेरा घ्यायचा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते म्यू-टूचं. माझ्या मते या कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत सगळ्यात जास्त भाव खाणारा आणि सगळ्यात कमी भरवशाचा कॅमेरा तोच आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहिते.

१९९७ साली आलेला म्यू-टू वाईट मुळीच नाही. ३५ मिमीची, एफ २.८ची, चार भिंगांची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते). पाण्याचे शिंतोडे सहज झेलणारी बॉडी. झाकण सरकवलं की तयार. खिशात आहे याचा विसर पडावा इतका हलका. पण त्यातलं प्रत्येक काम इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालतं, आणि ती सर्किटं आता पंचवीस-तीस वर्षांची झाली आहेत. आतली एखादी पट्टी गेली तर नवा सुटा भाग कुठेच मिळत नाही; दुसरा बंद पडलेला म्यू-टू शोधून त्यातून काढावा लागतो. बरेच दुरुस्ती करणारे त्याला हातच लावत नाहीत. शिवाय झाकण मिटून पुन्हा उघडलं की फ्लॅश आपोआप ऑटोवर जातो. खिडकीतून येणाऱ्या मऊ उजेडात कुणाचा तरी चेहरा टिपायला जावं आणि फ्लॅशने तो सपाट पांढरा करून टाकावा, हे टाळायचं तर दर वेळी बटण दाबत बसावं लागतं. ज्यांच्याकडे हा कॅमेरा आधीपासून आहे त्यांच्यासाठी एक सांगते: फ्लॅशचं आणि सेल्फ-टायमरचं बटण एकदम दाबलं की स्पॉट मीटरिंग, म्हणजे मधल्या एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणं, चालू होतं. पाठीमागे उजेड असलेल्या माणसाचा फोटो त्याने फार सुरेख येतो. पण आज नव्याने पैसे घालायचे असतील तर म्यू-टूवर घालू नका. त्याच कंपनीने याहून कितीतरी चांगले कॅमेरे केले आहेत आणि त्यातले बरेचसे विनाबॅटरी चालतात.

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसाचा मोठा भाग डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले असतात, आणि तो सूक्ष्मदर्शकही ऑलिंपसचाच आहे. कॅमेऱ्यांकडे मी त्या वाटेनेच आले. ही कंपनी १९१९ मध्ये तोक्योत सुरू झाली ती सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी. तेव्हा तिचं नाव ताकाचिहो सेइसाकुशो होतं. पहिला कॅमेरा आणि लेन्सचं झुइको हे नाव, दोन्ही १९३६ मधली. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. रक्तपेशीची कड स्वच्छ दिसली पाहिजे या हट्टाने भिंगं घासणारी माणसं कॅमेऱ्याकडे वळली, तेव्हा लेन्सच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. ऑलिंपसचे साधे, स्वस्तातले म्हणून काढलेले कॅमेरेही तपासून पाहा. बॉडी साधी असेल, पण लेन्स साधी सापडणार नाही.

याचं मोठं श्रेय योशिहिसा मैतानी या डिझायनरला जातं. १९५६ मध्ये तो कंपनीत लागला आणि तीन वर्षांनी त्याचा पहिला कॅमेरा बाजारात आला: पेन. नेहमीच्या ३५ मिमी रोलवर अर्ध्या आकाराच्या, १८ बाय २४ मिमीच्या चौकटी. ३६च्या रोलमध्ये ७२ फोटो. साहेबांनी त्याला सहा हजार येनांत विकता येईल असा कॅमेरा मागितला होता. त्याने आधी उत्तम लेन्स मागून घेतली आणि उरलेल्या पैशांत बाकीचा कॅमेरा बसवला. रोल पुढे सरकवायला खटका नाही, पाठीमागे अंगठ्याने फिरवायचं एक दातेरी चाक आहे. ते पैसे वाचवण्यासाठी होतं, पण वापरताना कुठेच कमीपणा जाणवत नाही.

पेनबद्दल एक गोष्ट ठाऊक असू द्या. कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो. फोनवर उभे फोटो काढायची सवय असलेल्यांना हे अगदी सहज जमतं. चौकट लहान असल्यामुळे मोठी प्रिंट काढली की दाणे दिसतात. मला ते आवडतात, पण गुळगुळीत चित्र हवं असणाऱ्याने अर्ध्या चौकटीच्या वाटेला जाऊ नये. घ्यायचाच तर पहिला पेन किंवा पेन एस घ्या. दोन्ही पूर्ण यांत्रिक आहेत, उजेड मोजणारा मीटर नाही, म्हणजे बिघडायलाही फारसं काही नाही. पेन एफ हा १९६३चा एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्य आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा. दिसायला देखणा, आरसा वर उचलण्याऐवजी बाजूला वळणारा, म्हणून डोक्यावर प्रिझमचा (चित्र सुलट करून डोळ्याकडे वळवणाऱ्या काचेचा) उंचवटा नाही. शटर टायटॅनियमच्या फिरत्या चकतीचं, त्यामुळे १/५०० सेकंदापर्यंत कुठल्याही वेगावर फ्लॅश चालतो. त्या काळी हे नवलच होतं. पण तो दुरुस्त करू शकणारे हात आता थोडे आहेत. आणि मीटरवाल्या पेन एफटीत मीटरसाठी थोडा उजेड आरशातूनच काढून घेतलेला असल्याने व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, मिणमिणता लागतो. मला संध्याकाळी त्यात फोकस करणं जड जातं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो ओएम-१.

१९७२ मध्ये तो एम-१ या नावाने आला. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने नावाला हरकत घेतली, म्हणून १९७३ पासून ओएम-१. एम-१ कोरलेले जे थोडे निघाले ते संग्राहकांना लखलाभ; आत यंत्र तेच आहे. त्या काळचे व्यावसायिक एसएलआर हातात घेतले तर मनगट भरून यावं असे होते. ओएम-१ची नुसती बॉडी ५०० ग्रॅमच्या आसपास भरते. माझे हात लहान आहेत. दुसरे कुठलेही जुने एसएलआर धरले की उजव्या हाताची बोटं ताणूनच बटणापर्यंत जातात, इथे ती जाऊन बसतात. पण कॅमेरा नुसता आकसवून लहान केलेला नाही, हे व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की कळतं. ५० मिमीच्या लेन्सने पाहिलं की चित्र जवळपास उघड्या डोळ्याला दिसतं तेवढं मोठं दिसतं, मोठेपणा ०.९२ पट आहे आणि चौकटीचा ९७ टक्के भाग दिसतो. आजच्या कित्येक महागड्या कॅमेऱ्यांतून पाहून मग यात पाहिलं की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. मी चष्मा लावते, त्यामुळे चारही कोपरे एकदम दिसत नाहीत, डोळा थोडा हलवावा लागतो. तेवढं एक चष्मेवाल्यांनी धरून चालावं.

शटरचा वेग बदलायची चकती वर नाही. ती लेन्सच्या मुळाशी, बॉडीच्या तोंडाभोवती आहे. जिथे वेगाची चकती असेल म्हणून बोट जातं तिथे फिल्मचा आयएसओ (ती उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) लावायची चकती आहे. पहिले काही दिवस हे विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक), फोकस आणि वेग ही तिन्ही कामं डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकाच नळीवर होतात. उजव्या हाताने फक्त रोल ओढायचा आणि बटण दाबायचं. डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलवायचा नाही. सूक्ष्मदर्शकावर आम्ही असंच काम करतो. एक हात फोकसच्या चाकावर, दुसरा काचपट्टी सरकवणाऱ्या खुंटीवर, नजर आत. मान वर करून कुठली खुंटी कुठे आहे हे पाहावं लागलं तर दिवसभरात काम उरकणारच नाही. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या घराण्यातच असा कॅमेरा जन्माला यावा हे मला योगायोगाचं वाटत नाही.

मैतानीने ओएम मालिकेचं ब्रीद ठेवलं होतं ‘विश्वापासून जिवाणूपर्यंत’. दुर्बिणीलाही लागावा आणि सूक्ष्मदर्शकालाही. त्यासाठी लेन्स बसते त्या तोंडातून बदलता येणाऱ्या फोकसिंगच्या काचा केल्या, सूक्ष्मदर्शकावर बसवायची जोडणी केली, आणि आरसा वर अडकवून ठेवायची कळ दिली. आमच्याकडे बाजूला काढून ठेवलेला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, त्यावर मी ओएम-१ लावून रक्ताच्या रंगवलेल्या काचपट्टीचे फोटो काढले आहेत. आरसा आधी वर न घेता काढलेला आणि घेऊन काढलेला, अशा दोन निगेटिव्ह शेजारी ठेवल्या की ती कळ का दिली आहे हे सांगावं लागत नाही. एकीत पेशींच्या कडा दुहेरी, दुसरीत रेषेसारख्या. तसा आरशाचा दणका मुळातच कमी आहे. आत हवेच्या दाबाने धक्का शोषणारी योजना आहे, म्हणून आवाजही ‘खटाक्’ न होता दबका येतो. लहान मुलं, झोपलेली माणसं, गाण्याची बैठक, अशा ठिकाणी हा कॅमेरा सलत नाही.

दोष सांगते, कारण घेताना तेच तपासायचे आहेत.

पहिला, बॅटरी. शटर पूर्ण यांत्रिक आहे, १ सेकंदापासून १/१००० पर्यंत विनाबॅटरी चालतं. बॅटरी लागते ती फक्त मीटरच्या काट्याला, आणि तीही १.३५ व्होल्टची पाऱ्याची. तिच्यावर आता बंदी आहे. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा सेल बसतो, काटा हलतो, आणि मीटर चालू आहे असं समजून माणूस रोल काढतो. पण व्होल्ट जास्त असल्याने मीटर खोटं सांगतो. विकणारा ‘मीटर चालू’ म्हणाला तर कुठला सेल घातला होता हे आधी विचारा. उपाय दोन आहेत. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल वापरा, ते जवळपास तेवढ्याच व्होल्टचे असतात पण चिकटपट्टी काढली की काही आठवड्यांत उतरतात. नाहीतर व्होल्ट कमी करून देणारं छोटं धातूचं अडॅप्टर घ्या आणि त्यात सिल्व्हर ऑक्साइडचा सेल घाला. मी दुसरा उपाय केला आहे आणि मला तोच पटतो. मीटरची कळ वापरून झाल्यावर बंद करायला हवी, ती आपोआप बंद होत नाही.

दुसरा, प्रिझम. त्याच्याभोवती कारखान्यात लावलेला फोम वर्षांनुवर्षांत कुजतो, काळा चिकट राळ होतो आणि प्रिझमवरचा चांदीचा मुलामा खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये आडवे काळपट डाग किंवा रेघ दिसली तर तेच झालंय असं समजा. फोटोवर त्याचा परिणाम होत नाही, पण इतका सुंदर व्ह्यूफाइंडर डागाळलेला पाहवत नाही. डाग दिसला तर मी तो नग सोडून देते. नसेल तर पहिल्याच सर्व्हिसिंगला तो फोम काढून टाकायला सांगा.

पाठीच्या दाराच्या खाचांतला फोमही तसाच कुजतो, पण ते काम घरचं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, एक दातकोरणी आणि भरपूर वेळ. जुना चिकटा शटरच्या पडद्यावर पडू द्यायचा नाही एवढंच सांभाळा. पडदा कापडी आहे. जागेवर काळी लोकर किंवा पातळ फेल्ट दाबून बसवलं की उजेड आत येत नाही.

लेन्सचं म्हणाल तर ५० मिमी एफ १.८ झुइकोपासून सुरुवात करा आणि बरेच दिवस तिथेच राहा. शेवटच्या काळातल्या नगांवर पुढच्या कड्यावर ‘मेड इन जपान’ असं छापलेलं असतं. वापरणाऱ्यांत तीच आवृत्ती सगळ्यात चांगली मानली जाते आणि माझाही अनुभव तोच. २१ मिमी एफ ३.५ पासून १३५ मिमी एफ ३.५ पर्यंत या मालिकेतल्या किती तरी लेन्सना एकाच ४९ मिमी मापाचे फिल्टर लागतात. एक पिवळा फिल्टर घेतला की सगळ्यांवर चालतो. कृष्णधवल रोल वापरणाऱ्याला ही केवढी सोय आहे!

बुरशीबद्दल मात्र मी कडक आहे. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांजवळ सिलिका जेलच्या पुड्या असतात, आणि त्या गुलाबी पडल्या की तापवून पुन्हा निळ्या करून ठेवल्या जातात. कॅमेऱ्याच्या लेन्सला तेच लागू आहे. घेताना लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि तिरक्या नजरेने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. वरवरची असेल तर साफ होते, पण लेप खाल्लेला असेल तर तो परत येत नाही. चार धुळीचे कण दिसले म्हणून मात्र चांगली लेन्स नाकारू नका. धुळीने फोटोत काही फरक पडत नाही.

ओएमची बाकी भावंडं थोडक्यात. १९७५चा ओएम-२ फोटो निघत असतानाच फिल्मवरून परावर्तित होणारा उजेड मोजतो, म्हणून रात्रीच्या लांब एक्स्पोजरला तो ओएम-१पेक्षा फार सरस. त्याला साधे सिल्व्हरचे बटण सेल लागतात, पाऱ्याची कटकट नाही. पण सेल संपले की काम थांबलं. ओएम-१० शिकायला ठीक. त्यात वेग स्वतः ठरवायचा तर वेगळं अडॅप्टर लावावं लागतं, ते बरोबर मिळतंय का बघा. ओएम-४मध्ये आठ ठिकाणांचा उजेड मोजून सरासरी काढता येते, हायलाइट आणि शॅडोची (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भागांची) वेगळी बटणं आहेत, आणि ज्याला उजेड वाचायची आवड आहे त्याला त्याच्यासारखा दुसरा कॅमेरा मिळणं कठीण. सुरुवातीचे नग बॅटरी पितात, म्हणून १९८६ नंतरचा टायटॅनियमचा शोधा. आणि शोधताना आणखी एक: २०२२ मध्ये ओएम-१ याच नावाचा नवा डिजिटल कॅमेरा आला आहे. जुना हवा असेल तर ‘फिल्म’ हा शब्द जोडल्याशिवाय शोधू नका.

मैतानीचा दुसरा कळस म्हणजे एक्सए. १९७९चा. सरकतं झाकण, वेगळं टोपण नाही, वेगळी पिशवी नाही. झाकण बंद असताना साबणाच्या वडीएवढा काळा तुकडा. त्यात पूर्ण आकाराची ३५ मिमी चौकट, एफ २.८ची सहा भिंगांची लेन्स आणि खराखुरा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस साधायची योजना, बसवला आहे. लेन्स बाहेर येत नाही. फोकस करताना आतलंच भिंग सरकतं. अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काट्याने दाखवतो. खाली एक लहानशी कळ आहे, ती ओढली की प्रकाशाविरुद्धच्या फोटोसाठी दीड स्टॉप जादा उजेड मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

शटरचं बटण म्हणजे वरच्या पृष्ठभागावरचा लाल चौकोन. त्याला दाबायचं नसतं, टेकायचं असतं. यामुळे मंद उजेडात हात हलत नाही, १/१५ ला मला स्वच्छ फोटो मिळाले आहेत. उलट बाजू अशी की पहिल्या रोलवर एक-दोन चौकटी नुसत्या बोट लागून निघतातच. एफ २.८ वर कोपरे काळवंडतात. मला तो काळोख चेहऱ्याच्या फोटोंना शोभतो असं वाटतं, पण इमारतींचे फोटो काढणाऱ्यांनी एफ ८ वर जावं. रेंजफाइंडरचा पिवळसर ठिपका वयाबरोबर फिका होतो. घेताना खिडकीची चौकट किंवा दाराची कड यावर धरून दोन प्रतिमा जुळताना स्पष्ट दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर एक्सए-२ घ्या. त्यात रेंजफाइंडरच नाही, अंतराच्या तीन खुणा आहेत, लेन्स एफ ३.५ची, पण झपाट्याने वापरायला तो अधिक सोपा.

ज्यांना यातलं काही शिकायचं नाही, नुसता रोल घालून फोटो काढायचे आहेत, त्यांना मी डोळे मिटून ट्रिप ३५ सुचवते. १९६७ ते १९८४, इतकी वर्षं तो बनत राहिला. लेन्सभोवती जी बुडबुड्यांसारखी काच दिसते तो सेलेनियमचा मीटर. उजेडावरच चालतो, बॅटरी नाही. कॅमेऱ्याला फक्त दोन वेग ठाऊक आहेत, १/४० आणि १/२००. उजेड अपुरा असला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दबतच नाही. तपासणी याच पट्टीने करायची: अ‍ॅपर्चर ‘ए’वर ठेवा, लेन्स तळहाताने झाका, बटण दाबा, लाल पट्टी आली पाहिजे, मग खिडकीकडे धरा, ती येता कामा नये. सेलेनियम मेला असेल तर उजेडातही लाल पट्टी दिसत राहते. पट्टी नीट वागली तरी पुढे जाऊन लेन्सच्या आत पाहा: मंद उजेडाकडे धरून बटण दाबलं की पाती मोठी उघडली पाहिजेत, भर उन्हाकडे धरलं की बारीक झाली पाहिजेत. काही नगांत पाती तेलाने चिकटलेली असतात आणि पट्टी तेवढी प्रामाणिकपणे काम करत असते. चार भिंगांच्या त्या ४० मिमी लेन्सचे रंग आणि धार पाहिली की एवढ्या साध्या डब्यातून हे आलं यावर विश्वास बसत नाही.

आता डिजिटल. जुन्या ऑलिंपस डिजिटलबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. फिल्मच्या किमती आणि धुण्याचा खर्च झेपत नाही अशा तरुणांना मी ई-१ हातात देऊन पाहिला आहे. २००३चा हा कॅमेरा, फोर थर्ड्स मापाच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीच्या साधारण निम्म्या लांबी-रुंदीच्या सेन्सरचा पहिला. सेन्सर कोडॅकचा सीसीडी (जुन्या धाटणीचा), ५ मेगापिक्सेल. आकडा ऐकून लोक हसतात. पण तो त्वचेचा रंग कसा देतो ते पाहा, निळ्याचा आणि हिरव्याचा पोत पाहा. आणि ५ मेगापिक्सेलमधून ए-फोर आकाराची प्रिंट अगदी सुंदर निघते. बॉडी मॅग्नेशियमची, सगळे सांधे रबराने बंद, शटरचा आवाज इतका मऊ की ओएम-१ची आठवण यावी. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सरवरची धूळ आपोआप झटकण्याची सोय सगळ्यात आधी याच्यात आली; सुरू करताच सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरते आणि कण खाली पडतो. पुढे सगळ्यांनीच ती कल्पना घेतली.

त्याच्या मर्यादा खऱ्या आहेत. ४०० आयएसओच्या वर गेलं की खरखर दिसते. फोकसचे बिंदू तीनच. मागचा पडदा १.८ इंचांचा, त्यावर फोटो नीट आला की नाही एवढंच कळतं. मला याचा त्रास होत नाही, कारण फिल्म कॅमेऱ्यात तर पडदाच नसतो. कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं. ते अजून मिळतं, कार्डरीडरही मिळतो. २००४चा ई-३०० हा ८ मेगापिक्सेलचा, कोडॅकच्याच सीसीडीचा आणि पेन एफसारखा आरसा बाजूला वळवणारा. डोक्यावर उंचवटा नसलेलं ते ठेंगणं रूप पाहिलं की त्याचं घराणं ओळखू येतं. ई-१ मिळाला नाही तर तो जरूर घ्या.

छोट्या डिजिटलमध्ये मी फक्त एकच सुचवेन, २००२चा सी-५०५० झूम. एफ १.८ पासून सुरू होणारी तेजस्वी लेन्स, वर-खाली वळणारा पडदा, आणि चार पेन्सिल सेलवर चालणारं पोट. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. या काळातले कित्येक सुंदर कॅमेरे केवळ त्यांची विशिष्ट बॅटरी बनणं बंद झालं म्हणून कपाटात पडून आहेत. कार्डांचंही तसंच. स्मार्टमीडिया आणि एक्सडी ही दोन्ही कार्डं आता जुनी, वापरलेलीच मिळतात, नव्याने कोणी बनवत नाही. सी-५०५० त्या दोन्हींबरोबर कॉम्पॅक्टफ्लॅशही घेतो, म्हणून तो तग धरेल. फक्त एक्सडी किंवा फक्त स्मार्टमीडिया घेणारा कॅमेरा कितीही चकचकीत असला तरी कार्ड आणि रीडर बरोबर मिळाल्याशिवाय घेऊ नका.

ऑलिंपसने स्वतः कॅमेऱ्यांचा धंदा सोडला. २०२० मध्ये तशी घोषणा झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून तो ओएम डिजिटल सोल्यूशन्स या वेगळ्या कंपनीकडे गेला. सूक्ष्मदर्शकांचा विभागही नंतर वेगळा झाला. त्यामुळे या जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती आता पूर्णपणे स्वतंत्र कारागिरांवर आहे. यांत्रिक घड्याळ उघडू शकणारा, धीराचा माणूस ओएम-१ आणि ट्रिप ३५ जिवंत ठेवू शकतो, म्यू-टू नाही. पैसे कुठे घालायचे हे मी त्यावरच ठरवते.

ई-१ घेणार असाल तर त्याबरोबर एमएफ-१ नावाचं अडॅप्टर शोधा. ते ऑलिंपसनेच काढलेलं आहे आणि त्यावर ओएमच्या जुन्या झुइको लेन्स बसतात. ५० मिमी एफ १.८ त्यावर १०० मिमीसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यासाठी नेमकी. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे वेग तो ठरवेल, अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कड्याने बंद करा. ई-१चा व्ह्यूफाइंडर ओएम-१पेक्षा बराच लहान आहे, हाताने फोकस करताना डोळ्याला शिणवटा येतो. म्हणून लेन्स एफ २.८पेक्षा जास्त उघडू नका, आणि फोकस जुळला असं वाटलं की श्वास रोखून, शरीर किंचित मागे-पुढे झुकवत तीन-चार फोटो लागोपाठ घ्या. त्यातल्या एकात तरी पापण्यांचे केस सुटे-सुटे दिसतील.